काटा अडला म्हणून चालणे सोडू नका

(वर्षावासाच्या व्याख्यानमालेत डोळखांब येथे केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला 'आरोग्य' या विषयावर बोलण्यास सांगितले. आरोग्य हा विषय एवढा मोठा आहे, की त्यावर एका तासात सर्व काही बोलू गेल्यास काहीच बोलल्यासारखे होणार नाही. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा प्रश्न निवडला आहे. वजन कमी करण्यासाठी माणूस चालू लागतो, जेवण आवरतो, दोन-तीन महिने वजन उतरते आणि मग एकाएकी काटा एका जागी अडून बसतो. तो का अडतो आणि अडल्यावर काय करावे, एवढाच आजचा प्रश्न.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याला बँकेत कारकून. मात्र जमाखर्चाशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि शरीराचे वजन हाही एक जमाखर्चच आहे. त्यामुळे या विषयावरचे जे संशोधन वाचले, ते आम्हाला आमच्या भाषेत सांगता येईल असे वाटते.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. कोणी म्हणेल, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात वजन कमी करण्याच्या गप्पा कशाला? येथे पाड्यापाड्यांवर अजून कमी वजनाची बालके आहेत. भातसा, तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात आपल्याच गावांत टँकरची वाट पाहावी लागते. जी माऊली डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढते तिला व्यायामाचे व्याख्यान नको, तिला दाराशी पाणी हवे. ही शंका अगदी रास्त आहे, आणि आजचे भाषण त्या माऊलीसाठी नाही.

परंतु मित्रहो, दुसरी बाजूही पाहा. आपले आजे-पणजे भाताच्या खाचरात चिखलणी-आवणी करीत, मोळ्या वाहत, बाजाराला पायी जात. बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला, त्या मार्गाने आपली मुले शिक्षक झाली, तलाठी झाली, रेल्वेत लागली, बँकेत लागली. खुर्ची मिळाली, ही आपल्या समाजाच्या कष्टाची कमाई आहे. पण खुर्चीबरोबर बैठे आयुष्यही आले. घरापासून आसनगाव स्टेशनपर्यंत मोटारसायकल, पुढे लोकल, कचेरीत आठ तास बसणे आणि परत तसेच. उपासमारीच्या पिढ्यांनंतर पोटभर जेवणारी आपली पहिली-दुसरी पिढी आहे. भुकेत घडलेले शरीर आणि भरलेले ताट यांचा मेळ बसायला वेळ लागतो.

हे आमचे तर्कट नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास चालवला. त्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हडकुळी होती, पण त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून होती, कमी पडले होते ते स्नायू. हेच डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे दोघांचे मिळून एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, म्हणजे दोघांचा निर्देशांक २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपला बांधा आहे. म्हणूनच आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो. बाबासाहेबांनाही अखेरची अनेक वर्षे मधुमेहाने छळले, हे आपण सर्व जाणतो.

उंचीच्या मानाने वजन किती असावे याचे मापही आपल्यासाठी म्हणून वेगळे धरतात. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ६८ किलो ही लठ्ठपणाची वेस समजावी. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष २५ च्या पुढे आढळले. तेव्हा हा प्रश्न केवळ शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पहाटे डोळखांबच्या रस्त्यावर चालणारी मंडळी आपण पाहतो. आम्हीही त्यांच्यात असतो. नवा माणूस मोठ्या उमेदीने येतो. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा अडतो. "मरणाचे चालतो, अर्धपोटी राहतो, तरी पाव किलो हलत नाही," अशी कुरकुर सुरू होते. मग एक दिवस पाऊस म्हणून, एक दिवस लग्न म्हणून खाडा पडतो आणि महिनाभरात तो माणूस रस्त्यावरून दिसेनासा होतो. वर्षभराने भेटतो तेव्हा उतरलेले वजन परत आलेले असते आणि हातात साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी असते. काटा अडल्याने नुकसान होत नाही, तो अडल्यावर माणूस सोडून देतो त्याने होते. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

काटा का अडतो? त्याची तीन कारणे सांगतो.

पहिले कारण पाण्याचे. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत पिठूळ साखरेचा थोडा साठा ठेवते, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. जेवण कमी केले की आधी तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. पहिल्या पंधरवड्यात झरझर उतरलेले वजन बरेचसे या पाण्याचे असते. चरबी सावकाश जाते. तेव्हा पहिल्या पंधरवड्याचा वेग पुढेही राहील असे धरणे म्हणजे दिवाळीचा बोनस दर महिन्याला मिळेल असे धरण्यासारखे आहे.

दुसरे कारण खर्चाचे. समजा एक गृहस्थ ८४ किलोंचे आहेत. त्यांच्या शरीराचा रोजचा खर्च २,३०० उष्मांक आहे, ज्यांना आपण कॅलरी म्हणतो. त्यांनी आहार १,९०० वर आणला. रोज ४०० ची तूट पडू लागली, चरबी जळू लागली. काही महिन्यांनी ते ७६ किलोंवर आले. आता ८ किलोंचे ओझे उतरले, तसा ते वाहण्याचा खर्चही उतरला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी घटतो. म्हणजे या गृहस्थांचा खर्च २,१०० च्या आसपास आला. आहार तोच असला तरी ४०० ची तूट २०० वर आली. शिवाय शरीर काटकसरही शिकते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील डॉ. रुडॉल्फ लीबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले, की वजन दहा टक्के उतरल्यावर शरीराचा खर्च नुसत्या हलके होण्याने जेवढा घटायला हवा त्याहून अधिक घटतो. दुष्काळातून जगून आलेल्या मानवजातीचे ते शहाणपण आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

तिसरे कारण सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे. ते भुकेचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला, की उतरलेल्या दर किलोमागे खर्च २०-३० उष्मांकांनी घटतो, पण भूक मात्र रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. पाहा, शरीर दोन्हीकडून ओढते, आणि भुकेची ओढ तिप्पट-चौपट आहे. ती माणसाला जाणवतही नाही. भाताचा एक चमचा वाढतो, दुपारच्या चहाबरोबर दोन बिस्किटे येतात, फोडणीला तेलाची धार थोडी लांबते. आपल्या गृहस्थांची शिल्लक तूट २०० ची. दोन छोटे चमचे तेल म्हणजे ९०, एक कप गोड दुधाचा चहा साधारण ६०, चिमूटभर फरसाण ५०. झाले, २०० भरले! तूट संपली आणि काटा अडला.

येथे कोणी आपल्यावर खोटेपणाचा आरोप करतो आहे असे समजू नये. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच काही लोकांची तपासणी झाली. ते म्हणत, आम्ही १,२०० उष्मांकांपेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही. शरीराचा खर्च अचूक मोजण्याच्या पद्धतीने पाहिले, तर त्यांची शरीरे अगदी सर्वसाधारण निघाली. प्रत्यक्ष खाणे मात्र सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि व्यायाम केल्यापेक्षा दीडपट सांगितला गेला होता. ती माणसे प्रामाणिक होती. पण आठवणीने ठेवलेला हिशेब आणि वहीत लिहिलेला हिशेब यांत फरक पडतो, हे बँकेतल्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको.

मग उपाय काय? आपल्या धम्मग्रंथांत याचा एक फार सुंदर उपाय सांगितला आहे. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. येथे द्रोण म्हणजे पळसपानाचा द्रोण समजू नका, ते धान्य मोजण्याचे जुने आणि मोठे माप होते. असा जेवून, धापा टाकीत राजा भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, की रागावलेही नाहीत. सावधपणे आणि मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे त्रास कमी होतात आणि वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण देऊ केले. अट्ठकथेत पुढचा तपशील आहे. राजा शेवटच्या घासाशी आला की तरुणाने गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा आणि त्या घासात जेवढा तांदूळ असेल तेवढा दुसऱ्या वेळी कमी शिजवायचा. असे करीत राजा द्रोणावरून नाळीभर तांदळावर आला. नाळी हे त्याहून पुष्कळ लहान माप. पुढे अंग हलके झालेला राजा आपल्या अंगावरून हात फिरवीत भगवंतांचे उपकार आठवतो, असे सुत्तात म्हटले आहे.

मित्रहो, या कथेत चार गोष्टी आहेत. माप आहे, शेवटच्या घासाशी सावधपणा आहे, सावकाश कमी करणे आहे आणि आठवण करून देणारा सोबती आहे. काटा अडल्यावर नेमक्या याच चार गोष्टी लागतात. आजच्या हिशेबानेही पाहा. डॉ. हॉल यांनी २०११ साली दिलेल्या ठोकताळ्यानुसार, रोजच्या आहारात कायमचे २४ उष्मांक कमी केले तर कालांतराने एक किलो वजन उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. कच्च्या तांदळाची ३० ग्रॅमची एक मूठ म्हणजे सुमारे १०० उष्मांक. दुसरे काही न वाढवता रोजची एक मूठ कायमची कमी केली, तर कालांतराने चार किलो. राजाने एकेक घासच कमी केला होता!

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, काटा खरोखर अडला आहे का ते पाहा. मीठ, बद्धकोष्ठ, स्त्रियांची मासिक पाळी, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे पाणी साठून वजन एक-दोन किलो मागेपुढे होते. रोज काट्यावर चढून जीव टांगणीला लावू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाहून आल्यावर, त्याच काट्यावर वजन करावे आणि वहीत लिहावे. सोबत बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजावी. सलग चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तरच काटा अडला म्हणावे. वजन तेच आणि कंबर मात्र कमी झाली असेल, तर चरबी जाते आहे आणि स्नायू येत आहेत. आपल्या बांध्याला तर तेच हवे आहे.

दुसरी गोष्ट, सात दिवस खाल्लेले सर्व लिहा. तोंडात गेले ते वहीत गेले पाहिजे, मग ते मुलाच्या ताटातले उष्टे असो की सत्यनारायण-बारशाच्या घरचा शिरा असो. तेलाची पिशवी फोडली त्या दिवशी तारीख टाका. ती किती दिवसांत संपली आणि घरात माणसे किती, यावरून भागाकार करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या आहाराला दिवसाचे सुमारे २७ ग्रॅम तेल पुरे धरले आहे. वजन उतरवणाऱ्याने त्याच्याही आत राहावे. चहात किती साखर पडते ते मोजा. दिवसाचे पाच चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे नुसत्या साखरेचे २०० उष्मांक. विद्यार्थी मित्रांनीही लक्षात ठेवावे, की थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे सहा चमचे साखर असते. आणि दारूच्या प्रत्येक ग्रॅममागे सात उष्मांक असतात, म्हणजे साखरेच्या जवळजवळ दुप्पट. पंचशीलातील पाचवे शील पाळणाऱ्याचा हा खर्च आपोआप वाचतो.

तिसरी गोष्ट, थोडेच कमी करा आणि ताटाची रचना बदला. काटा अडला म्हणून चिडून एकदम उपासावर जाणे सर्वांत घातक. २००९ च्या सुमारास अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरवण्याची एक प्रसिद्ध स्पर्धा चाले. तिच्यात तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले, तर ४१ किलो परत आले होते आणि शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. घाई अशी महागात पडते. त्यापेक्षा एक मूठ तांदूळ कमी, एक चमचा तेल कमी, एवढेच करावे आणि महिनाभर वाट पाहावी.

कमी केलेल्या भाताची जागा डाळ-उसळीने आणि भाजीने भरावी, म्हणजे भूक आवरते आणि स्नायू टिकतात. साध्या प्रकृतीच्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ७५ किलोंच्या माणसाला सुमारे ६२ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, २५ ग्रॅम कोरड्या डाळीतून साधारण तेवढीच. आपल्याकडे वाल, हरभरा, चवळी आहे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या आहेत. सुकट, बोंबील यांत प्रथिने भरपूर, पण मीठही भरपूर, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी चांगले धुऊन आणि बेताने घ्यावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

येथे आपल्या महाराष्ट्रात घरोघरी गेलेल्या एका पद्धतीचा उल्लेख केला पाहिजे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळाच जेवण्याची पद्धत लोकांपुढे मांडली. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये काही खायचे नाही आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. आपल्या भागातही अनेकांनी ती धरली आणि अनेकांना गुण आला. येता-जाता चरण्याची सवय तिने मोडते, हा तिचा मोठा लाभ. पण तिचा भर मापापेक्षा वेळेवर आहे. काटा या पद्धतीतही अडू शकतो, कारण शरीराचा हिशेब तोच आहे आणि वाढलेली भूक त्या ५५ मिनिटांतही आपले काम करते. अशा वेळी पद्धत बदलत बसण्याची गरज नाही, त्याच दोन ताटांतला घास मोजावा. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

चौथी गोष्ट, व्यायामाचा चढ वाढवा. सत्तर किलोंच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण ५० उष्मांक लागतात आणि एका वडापावात सुमारे ३०० असतात. म्हणजे एका वडापावापायी सहा किलोमीटर! नुसत्या चालण्याने जेवणाची भरपाई होत नाही ती यामुळे. शिवाय तोच रस्ता, त्याच गतीने, गप्पा मारीत वर्षभर चालले की शरीराला त्याचे काही वाटेनासे होते. म्हणून दोन मिनिटे भरभर आणि दोन मिनिटे सावकाश, असे आलटून पालटून चालावे. आपल्याकडे चढणीला तोटा नाही. डेहण्याकडे तोंड केले तर आजोबाचा डोंगर समोर उभा आहे. डोंगर चढायला जा असे आम्ही म्हणत नाही, गावाबाहेरची टेकडी पुरे आहे.

आणि चालण्याला जोराची जोड द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. आपल्या हडकुळ्या-चरबीच्या बांध्याला हा दुसरा भाग अधिक गरजेचा. आखाड्यात जाण्याची जरुरी नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दहा जोर, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, हे तीनदा करावे. महिन्याने संख्या वाढवावी. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे. कचेरीतल्या मंडळींनी दर अर्ध्या तासाने एकदा खुर्ची सोडावी.

पाचवी गोष्ट झोपेची. शिकागोत २०१० साली वजन उतरवणाऱ्या दहा जणांवर एक प्रयोग झाला. आहार तोच ठेवून एकदा त्यांना साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्यास दिले. पंधरवड्यात वजन दोन्ही वेळा सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली आणि अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो. बाकीचे स्नायूंतून गेले. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना हे कठीण आहे, ते आम्ही जाणतो. निदान रात्रीचा मोबाइल तरी आवरता येईल.

एवढे करूनही काही जणांचे वजन हलणार नाही. त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. स्टेरॉइड, इन्सुलिन यांसारख्या काही औषधांनी वजन वाढते, पण म्हणून ती मनाने बंद करू नयेत. २०२५ पासून आपल्या देशात वजनासाठी आठवड्याला घ्यायची नवी इंजेक्शने आली आहेत. ती गुणकारी आहेत, पण डॉक्टरांशिवाय घेण्याची नाहीत. त्यांच्यावरही काही काळाने काटा अडतोच आणि ती बंद केली की बरेचसे वजन परत येते. तसेच उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रयत्न न करता वजन घटू लागले तर आनंद मानू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. क्षय किंवा मधुमेह त्यामागे असू शकतो. गरोदर भगिनींनी आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींनी जेवण तोडण्याच्या फंदात पडूच नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षे अभ्यास केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध केला. काहींना नुसता नेहमीचा सल्ला दिला, तर काहींना चालणे आणि आहार यांची नीट शिस्त लावली. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालण्याची आणि आहाराची शिस्त पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना झाला. आणि गंमत अशी, की शिस्त पाळणाऱ्यांचे वजन म्हणावे असे उतरलेलेच नव्हते! काटा जागेवर होता, तरी आजार टळत होता.

रस्त्यावरून दिसेनाशा झालेल्या मंडळींना आम्हाला हेच सांगायचे आहे. तुम्ही काट्याकडे पाहून निराश झालात, पण काटा रक्तातली साखर दाखवीत नाही, गुडघ्यावरचा भार दाखवीत नाही, जिना चढताना न लागलेली धाप दाखवीत नाही. आठ किलो उतरवून तेथे वर्षभर टिकून राहणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे, कारण शरीर रोज मागे ओढीत असते. काटा अडला आहे, याचा अर्थ तुमचा बांध अजून फुटलेला नाही.

संस्थेला आमची एक नम्र सूचना आहे. विहारात एक चांगला वजनकाटा, एक टेप आणि एक वही ठेवावी. दर रविवारच्या वंदनेनंतर ज्याची इच्छा असेल त्याने आपले वजन आणि कंबर स्वतः लिहावी. कोणी कोणाला हसू नये, कोणी कोणाची तुलना करू नये. विद्यार्थ्यांनी वही सांभाळावी आणि ज्यांचा खाडा पडला त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावी. पसेनदी राजाने गाथा ऐकवणाऱ्या तरुणाला रोज शंभर कहापण देऊ केले होते. आपल्या मुलांना तेवढे देता येणार नाहीत, पण आपल्या आजोबांचा, वडिलांचा मधुमेह चार वर्षे पुढे ढकलला गेला तर त्याची किंमत कहापणांत होणारही नाही.



नमो बुद्धाय! जय भीम!